दहा शेळ्यांपासून शंभरापर्यंत : मांसासाठी शेळीपालन करताना सरकारी मदत कोणत्या क्रमाने घ्यावी

शेळीपालनाला सरकार काय देतं, असं गावात कुणालाही विचारा, पहिला आकडा ऐकू येतो तो ५० लाखांचा. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या प्रकल्पाला तेवढं अनुदान मिळू शकतं, हे खरं आहे. पण ज्याच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू रान, चार शेळ्या आणि राबणारी घरातली दोनच माणसं आहेत, त्याच्या कामाचा तो आकडा नाही. त्याला उपयोगी पडणारी मदत लहान आहे आणि तिची जाहिरात कुणी करत नाही. कानातला बिल्ला, मोफत लस, नाममात्र हप्त्याचा विमा, ४ टक्क्यांनी मिळणारं खेळतं भांडवल आणि दहा शेळ्या-एका बोकडाचा गट, ही ती मदत. हा क्रम मोडून थेट मोठ्या कर्जाच्या मागे लागलेली माणसं अडचणीत येताना दिसतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एका प्रश्नाचं उत्तर. शहरातून गावी परतलेली काही मुलं विचारतात, की परदेशात मांसासाठी गाई-बैल पाळतात, मग इथे शेळीच का? महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशींना ती बंदी नाही, मात्र तिथेही कत्तलीयोग्य असल्याचा दाखला लागतो. शिवाय मांसासाठी जनावरं पाळणाऱ्या लहान शेतकऱ्याला हात देणाऱ्या योजना शेळी, मेंढी, कोंबडी आणि वराह यांच्याभोवती आखलेल्या आहेत. त्यात कमी जागेत, कमी पाण्यावर आणि घरच्या माणसांवर चालणारी म्हणजे शेळीच.

पहिलं काम : कानात बिल्ला

आज गोठ्यात एकच शेळी असली तरी तिच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असायला हवा. हा क्रमांक ‘भारत पशुधन’ या केंद्राच्या प्रणालीत तुमच्या नावावर नोंदला जातो. राज्य सरकारने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांना सरकारी दवाखान्याची सेवा, खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर निर्बंध घातले आहेत. नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर मिळणारी मदतही याच नोंदीशी जोडलेली आहे. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बिल्ला मारून घ्या आणि नोंद तुमच्याच नावावर झाली का, हे तिथल्या तिथे पाहून घ्या. मोबाईल क्रमांक चुकीचा पडला असेल तर तेव्हाच दुरुस्त करा.

पिल्लं मोठी झाली की त्यांनाही बिल्ला हवा. जनावर विकलं की नोंद उतरवा, विकत घेतलं की चढवा. बिल्ला झुडपात अडकून तुटला तर दुसरा मारून नवा क्रमांक नोंदवून घ्या. विमा असेल तर विमा कंपनीलाही कळवा, कारण बिल्ला नाही तर दावा नाही, हा विम्याचा ठाम नियम आहे.

लस आणि विमा

शेळ्यांचे कळपच्या कळप बसवणारे आजार दोन. एक पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग, दुसरा आंत्रविषार. पीपीआरची लस सरकारी दवाखान्यातून मोफत दिली जाते आणि २०३० पर्यंत देशातून हा रोग संपवायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की ही लस द्यायची. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधीच व्हायला हवी, कारण पहिल्या पावसानंतर फुटलेलं कोवळं गवत पोटभर खाल्लं की हा आजार उसळतो. सकाळी चरायला गेलेली धडधाकट शेळी संध्याकाळी मेलेली सापडते. लाळ्या-खुरकूत आणि देवीच्या लसीचं वेळापत्रकही दवाखान्यातून लिहून घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आहे.

विम्याबद्दल थोडं सविस्तर, कारण छोट्या पशुपालकाला सगळ्यात स्वस्तात मिळणारी मदत हीच आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करून पशुपालकाचा हिस्सा विमा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. उरलेले ८५ टक्के केंद्र आणि राज्य मिळून भरतात. म्हणजे एका शेळीचा हप्ता ५०० रुपये ठरला, तर तुमच्या खिशातून ७५ रुपये. त्याच निर्णयात विम्याची मर्यादा कुटुंबामागे पाच पशुधन एककांवरून दहा एककांवर नेली. दहा शेळ्यांचं एक एकक धरतात, तेव्हा शंभर शेळ्यांपर्यंतचा कळप या सवलतीत बसतो.

विमा काढताना शेळीची किंमत खरी लावा. कमी लावली तर भरपाई कमी, फुगवून लावली तर दाव्याच्या वेळी वाद. शेळीचा बिल्ला स्पष्ट दिसेल असा फोटो, तुमच्यासोबतचा फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला एकत्र जपून ठेवा. शेळी मेली तर पुरायची घाई करू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि दवाखान्याला कळवा, शवविच्छेदन करून घ्या, बिल्ल्यासकट फोटो काढा. दावा अडतो तो बहुतेकदा इथेच : शेळी पुरून झालेली असते आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी येतात.

कागदांची फाईल

योजना जाहीर झाल्यावर कागद गोळा करायला लागलात तर मुदत संपते. फाईल आत्ताच तयार ठेवा. आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड, सातबारा आणि आठ-अ, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, अपत्यांबाबतचं स्वयंघोषणापत्र. लागू असेल तसं जातीचं प्रमाणपत्र, दारिद्र्यरेषेचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, बचत गटाचं प्रमाणपत्र, रोजगार नोंदणी आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. सातबारावर तुमचं नाव नसेल तर ज्याचं नाव आहे त्याचं संमतीपत्र लागतं. एका रेशनकार्डावर एकालाच लाभ मिळतो, म्हणून दोघा भावांनी वेगवेगळा अर्ज करण्याआधी घरात बोलून ठरवा.

सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का, हेही पाहा. आधारवर एक, सातबारावर दुसरं आणि पासबुकात तिसरं, अशी तऱ्हा असली की पात्र माणूसही यादीतून बाहेर पडतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास सर्वांत जास्त होतो आणि शेळ्यांचं बहुतेक काम तर त्याच करतात.

प्रशिक्षण कागदासाठी नको

प्रमाणपत्र निवडीत उपयोगी पडतं आणि मोठ्या योजनेत तर प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवावाच लागतो. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे चालता गोठा डोळ्यांनी पाहायला मिळतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय पुण्यात गोखलेनगरला आहे आणि प्रक्षेत्रं राज्यभर पसरलेली आहेत : सांगलीत रांजणी, साताऱ्यात दहिवडी, सोलापुरात महूद, धाराशिवमध्ये तीर्थ, बीडमध्ये अंबाजोगाई, नांदेडमध्ये मुखेड, छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगाव, जळगावात बिलाखेड, अमरावतीत पोहरा, नागपुरात बोंद्री. यातलं जवळचं एक गाठा. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही शेळीपालन शिकवतात. स्वयंरोजगार संस्थेत तर राहणं-जेवण धरून प्रशिक्षण मोफत असतं.

तिथे जात पाहून या. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यात उस्मानाबादी, अहिल्यानगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. आपल्या हवेत टिकणारी जात धरा. दूरच्या राज्यातून देखणे, महागडे बोकड आणून सुरुवात करण्याच्या मी विरोधात आहे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांची किंमत कळते.

दहा शेळ्या, एक बोकड

राज्याची नाविन्यपूर्ण योजना आणि जिल्हा परिषदेकडून अनुसूचित जाती-जमातींसाठी राबवल्या जाणाऱ्या योजना या दोन्हींत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या ‘महाबीएमएस’ या संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाईल ॲपवर करायचा. अर्ज वर्षभर खुला नसतो, ठरावीक मुदतीपुरताच उघडतो. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे अधूनमधून चौकशी करत राहा.

सर्वसाधारण गटाला अनुदान ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. २०२१ च्या सुधारित दरांनी हिशेब असा बसतो. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी ८,००० रुपये, बोकड १०,००० रुपये आणि विमा १३,५४५ रुपये, म्हणजे गटाची किंमत १,०३,५४५ रुपये. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ५१,७७३ रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ७७,६५९ रुपये अनुदान. कोकण कन्याळ किंवा इतर स्थानिक जातींसाठी शेळी ६,००० आणि बोकड ८,००० धरून गटाची किंमत ७८,२३१ रुपये होते. उरलेली रक्कम स्वतः भरायची किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं. तुमच्या वर्षाचा दर काय आहे, हे अर्ज भरताना त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून घ्या.

या किमतीत गोठा नाही आणि चाराही नाही. शेळ्या दारात आल्यावर पहिले काही महिने उत्पन्न शून्य असतं. गाभण शेळी आली तरी करडं विकायला निदान सात-आठ महिने जातात. तेवढ्या काळाच्या चाऱ्याची, खुराकाची आणि औषधाची सोय आधी झालेली असेल, तरच गट घ्या.

निवडीत प्राधान्य असतं ते दारिद्र्यरेषेखालील कुटुंबं, एक हेक्टरपर्यंतचे अत्यल्प भूधारक, दोन हेक्टरपर्यंतचे अल्प भूधारक, नोंदणी केलेले सुशिक्षित बेरोजगार आणि बचत गटातल्या महिला यांना. महिलांसाठी ३० टक्के राखीव जागा आहेत. म्हणून घरातली बाई पात्र असेल तर अर्ज तिच्या नावाने करा, शेळ्याही तिच्याच नावावर राहू द्या. निवड झाली की निरोप मोबाईलवर येतो आणि कागद चढवायला थोडेच दिवस मिळतात, तेव्हा निकाल लागेपर्यंत मोबाईल क्रमांक बदलू नका. यादीत नाव मागे असलं तरी निराश होऊ नका, पुढच्या वर्षांसाठी प्रतीक्षा यादी धरली जाते.

शेळ्या घेताना संकोच बाजूला ठेवा. दात पाहा, सड दाबून पाहा, पायाने लंगडते का ते चालवून पाहा. दोन किंवा चार दाती (तेवढे पक्के दात आलेली, म्हणजे तरुण), एकदा व्यालेली शेळी उत्तम. म्हातारी किंवा वांझ शेळी समोर आली तर ती नको, असं स्पष्ट सांगा. तुमचा हिस्सा त्यात गेलेला आहे.

धनगर आणि तत्सम भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या पशुपालकांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना वेगळी आहे. तिच्यात २० मेंढ्या आणि एका नर मेंढ्याच्या गटाला ७५ टक्के अनुदान आहे. मेंढपाळ कुटुंबाने आधी तीच पाहावी.

गोठा

ओल आणि कोंदट हवा करडांना मारते, महागडा पत्रा न घातल्याने ती मरत नाहीत. कोरडी जमीन, वारा खेळता राहील अशी जाळी आणि पावसाची झड आत येणार नाही अशी पाख, एवढं पुरतं. राज्याने २०२१ मध्ये रोजगार हमीतून सुरू केलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दहा शेळ्यांच्या गोठ्यासाठी ४९,२८४ रुपयांचा अंदाज धरला आहे, वीस शेळ्यांना दुप्पट आणि तीस शेळ्यांना तिप्पट. त्यासाठी जॉबकार्ड आणि ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. ग्रामसभेत वार्षिक आराखडा ठरतो त्या दिवशी हजर राहून आपलं नाव घालून घ्या. रोजगार हमीचे नियम बदलत असतात, म्हणून पाया खणण्याआधी मंजुरीचा आदेश हातात घ्या. आधी बांधलेल्या गोठ्याचे पैसे मिळत नाहीत.

चाऱ्यासाठी किसान क्रेडिट कार्ड

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही लागू झालं. जमीन नसलेला पशुपालकही ते मागू शकतो. खुराक, औषध, मजुरी अशा खेळत्या खर्चासाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज ७ टक्के आणि वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. एक लाख वर्षभर वापरले तर ४,००० रुपये व्याज. तारीख चुकली की तेच ७,००० होतात. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही.

बँकेत गेल्यावर ‘शेळीवर कर्ज देत नाही’ असं ऐकायला मिळू शकतं. वाद घालत बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत बिल्ल्यांची यादी आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. तरी हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे त्या पोचेची प्रत द्या. तोंडी नकार कुणी मोजत नाही, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचं ठरवलं. ५०० शेळ्या-मेंढ्यांपर्यंतचे पालक त्यात येतात. वीज, ग्रामपंचायतीचा कर, सौर पंप आणि कर्जावरचं व्याज यांत शेतीसारखी वागणूक मिळावी, हा त्याचा हेतू. तुमच्या गोठ्याचं वीजबिल कोणत्या दराने येतं, हे एकदा तपासा.

वाघ-बिबट्या, वीज आणि पूर

जुन्नर, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात बिबट्याने शेळी नेणं आता नवलाचं राहिलेलं नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात शेळी-मेंढी मेली तर वन विभागाकडून बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. घटना ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवू नका. वीज पडून, पुरात किंवा गारपिटीत शेळी गेली तर ते काम महसूल खात्याचं. आपत्ती निवारणाच्या निकषांत शेळी-मेंढीला ४,००० रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त ३० लहान जनावरं. तलाठ्याला लगेच कळवून पंचनाम्यात बिल्ल्याचे क्रमांक लिहायला लावा.

आता मोठी योजना

दोन पावसाळे काढले, करडांची मर आटोक्यात आहे, विक्रीची वही आहे आणि पंचवीस-तीस शेळ्या तुमच्याच गोठ्यात जन्मल्या आहेत, तर राष्ट्रीय पशुधन अभियानाचा विचार करा. २०२१ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या या योजनेत भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे. १०० शेळ्या आणि ५ बोकडांना कमाल १० लाख, २०० आणि १० ला २० लाख, याच हिशेबाने ५०० आणि २५ ला ५० लाख. अर्ज ‘उद्यमीमित्र’ संकेतस्थळावरून करायचा. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सगळे पात्र आहेत. जमीन खरेदी, जागेचं भाडं, वाहन आणि खेळतं भांडवल यांना अनुदान नाही.

अनुदान आधी हातात मिळत नाही. बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं किंवा स्वतःच्या पैशाने करायचं तर बँक हमी द्यावी लागते. अनुदानाचे दोन समान हप्ते. पहिला, काम सुरू होऊन खर्चाची पडताळणी झाल्यावर, दुसरा, प्रकल्प पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. समजा प्रकल्प २० लाखांचा आहे, ४ लाख तुमचे आणि १६ लाख बँकेचे. दुसरा हप्ता येईपर्यंत उरलेल्या कर्जावर व्याज चालू राहतं आणि हप्ता कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. म्हणून प्रकल्प अहवालात अनुदान एक वर्ष उशिरा येईल असं धरूनच परतफेड मांडा. तशी मांडणी तुटत असेल तर प्रकल्प लहान करा.

दुसरी कसोटी चाऱ्याची. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण ४ किलो हिरवा चारा, एक किलो वाळला चारा आणि पाव किलो खुराक लागतो. १०५ जनावरांना रोजचे ४२० किलो हिरवं, म्हणजे वर्षाला दीडशे टनांच्या वर. हे तुमच्या रानात निघतं का? मार्च ते जूनपर्यंत विहिरीला पाणी असतं का? बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा, वाफ्यात दशरथ घास आणि मका घ्या, मुरघासाचे (दाबून, हवाबंद टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) खड्डे भरा आणि हे सगळं शेळ्या आणण्याच्या सहा महिने आधी. विकतच्या चाऱ्यावर शंभर शेळ्या परवडत नाहीत. अनुदान मिळालं तरी नाही.

प्रकल्प अहवाल करून देतो, मंजुरी आणतो म्हणून टक्केवारी मागणारे एजंट या योजनेभोवती फार झाले आहेत. अहवाल लिहायला सनदी लेखापालाची मदत जरूर घ्या, कामाचे ठरलेले पैसे द्या, पण अनुदानात वाटा देऊ नका. ‘आमच्याकडूनच शेळ्या घ्या, करडं आम्हीच दुप्पट दराने परत घेऊ’ म्हणणाऱ्यांपासून तर कोसभर लांब राहा.

विक्री

काटा विकत घ्या. चाकण, लोणंद, काष्टी, सांगोला अशा बाजारांत व्यापारी नजरेने वजन सांगतो आणि त्याची नजर नेहमी दोन-तीन किलो कमीच पाहते. घरून वजन करून नेलेला बोकड आणि किलोला ठरलेला भाव, एवढ्यानेही हातात येणारा पैसा बदलतो. बकरी ईदला भाव चांगला मिळतो, पण बोकड वर्षाचा, दोन दाती आणि निर्दोष हवा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. शेळीचा गाभण काळ पाच महिन्यांचा, त्यात बोकडाचं एक वर्ष धरा. म्हणजे ज्या ईदला विकायचं तिच्या निदान सतरा महिने आधी शेळ्या फळायला हव्यात. बारा-पंधरा पालकांनी मिळून व्यापाऱ्याला गोठ्यावर बोलावलं तर बाजाराचा खर्च आणि वाटेतली घट दोन्ही वाचतात. बचत गट किंवा ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या महिला) असतील तर ही जुळवणी सोपी जाते.

योजनेतून आलेल्या मूळ शेळ्या मात्र ठरलेल्या मुदतीआधी विकू नका. बंधपत्रावर सही करताना ती मुदत वाचा आणि त्याची प्रत फाईलला लावा. तपासणीला अधिकारी आले तर बिल्ल्यांशी जुळणारी जनावरं गोठ्यात दिसली पाहिजेत. एखादी मेली असेल तर तिचा मृत्यूचा दाखला आणि विम्याचा कागद त्याच फाईलमध्ये हवा.